मोटर का पळत नाही, ते मला विचारायचं होतं

मोटर पळत नाही म्हटलं की पहिली शिवी वाइंडिंग करणारीला बसते. कंप्यूटर नवा असतो, मोटरला विजेचे झटके देणारा ड्रायव्हर परदेशातून मागवलेला असतो, मशीन बांधणारा इंजिनियर असतो. मग उरतं कोण? तांब्याची तार गुंडाळणारी चौथी पास बाई. मी अठ्ठावीस वर्षं तार गुंडाळली आणि त्यातली निम्मी वर्षं दुसऱ्यांच्या चुकांची उत्तरं दिली. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, कामातले गोड अनुभव लिहा. गोड अनुभव माझ्याकडे नाहीत. दिवाळीत फराळ असतोच, गोड तिथे खा.

मी येरवड्याची. माझी पहिली नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात होती. तिथे प्रिंटरमध्ये बसणाऱ्या छोट्या मोटरी बनायच्या. पुढे बाहेरच्या मालाला दारं उघडली आणि आमची एक मोटर ज्या भावात बनायची त्या भावात बाहेरच्या दोन, डब्यात घालून, यायला लागल्या. कारखाना बंद झाला. ती रडकथा सगळ्या पुण्याने ऐकलेली आहे, परत सांगत नाही. तिथे मी दोन गोष्टी शिकले तेवढ्या सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली गोष्ट ही मोटर. हिला स्टेपर म्हणतात. पंख्याची मोटर वीज दिली की गरगर फिरते. स्टेपर पाऊल टाकते. विजेचा एक झटका, एक पाऊल. दोनशे पावलांत एक फेरा पुरा. कंप्यूटर नुसती पावलं मोजतो आणि त्यावरून त्याला कळतं की आपण कुठे आलो. मोटरला डोळे नाहीत. एखादं पाऊल चुकलं तर ते कुणालाच कळत नाही. कळतं ते लाकडावर, गणपतीचं नाक गालावर कोरलं गेलं की.

आत दोन भाग. बाहेरचा भाग स्थिर, त्याला आठ मोठे दात, प्रत्येक दातावर तारेचे वेढे. हे वेढे घालायचं काम आमचं. मधला भाग फिरणारा, त्याला रोटर म्हणतात, आणि त्याच्या पोटात लोहचुंबक असतो.

दुसरी गोष्ट या चुंबकाची. रोटर आत बसवून, झाकण लावून, मग मोटर एका मोठ्या यंत्रात ठेवायची आणि चुंबक भरायचा. धप्प असा आवाज येतो, संपलं. त्यानंतर रोटर बाहेर काढायचा नाही. काढला की भोवतीच्या लोखंडाचा आधार सुटतो आणि चुंबकाची ताकद उतरते. तोच रोटर परत आत घातला तरी ताकद परत येत नाही, यंत्रातच न्यावा लागतो. आमच्या सुपरवायझरबाई म्हणायच्या, विरजण लावलं की भांडं हलवायचं नाही. एवढं एक वाक्य. यासाठी डिग्री लागत नाही.

कारखाना गेल्यावर मी वारज्याला बापट साहेबांच्या शेडमध्ये लागले. तेव्हा वारज्याला शेड स्वस्त मिळायची, आजूबाजूला अजून ज्वारी दिसायची. बापट साहेब स्वतः इंजिनियर, बोलायला तुटक, माणूस वाईट नाही. ते टेबलावर मावेल एवढं कोरीवकामाचं मशीन बनवायचे. कंप्यूटरवर चित्र काढा, मशीन ते लाकडावर, अ‍ॅक्रिलिकवर कोरून देतं. तीन मोटरी: एक आडवी नेते, एक उभी नेते, एक कटर खालीवर करते. आधी पाट्या रंगवणारे घेतील असं साहेबांना वाटलं होतं. घेतली कुणी? कंप्यूटर कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांनी. हिंजवडीला काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, या लोकांकडे शनिवार-रविवार होता आणि तो घालवायचा कसा हे माहीत नव्हतं. गॅलरीत, पार्किंगमध्ये, बायकोने विरोध केला तर गच्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे मशीन.

आमचं वाइंडिंगचं टेबल चौघींचं. मी, हसीना आणि आणखी दोघी. हसीना कोंढव्याहून यायची, हात माझ्याहून चपळ, तोंड त्याहून. मोटर भोसरीच्या दुसऱ्या एका कारखान्यातून चुंबक भरून आली की आम्ही झाकणाच्या एका स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचो. स्क्रू कुणी फिरवला तर ठिपका तडकतो, मोटर उघडली हे कळतं. नेलपॉलिश हसीनाची, गडद लाल. मी जन्मात नखं रंगवली नाहीत, मोटरी मात्र शेकड्यांनी रंगवल्या.

आता मोटर का पळत नाही ते सांगते. लोक इंग्रजीत दहा पानं लिहितात, मी येरवड्याच्या नळावर सांगते. आमच्या वस्तीत एक नळ होता आणि चाळीस घरं. प्रत्येकीला नळाखाली ठरावीक वेळ मिळायचा. वेळ पुरेसा असेल तर हंडा भरतो. रांगेने घाई केली तर अर्धाच भरतो. आणि तुम्ही बारीक तोंडाची कळशी आणली असेल तर पाणी आत शिरेपर्यंत तुमची पाळी संपते. मोटरचं हेच आहे. प्रत्येक पावलाला तारेत वीज भरावी लागते. मोटर हळू चालते तेव्हा वेळ भरपूर असतो, वीज पूर्ण भरते, जोर मिळतो. वेग वाढवला की प्रत्येक पावलाचा वेळ कमी होतो, वीज अर्धीमुर्धी भरते, जोर पडतो आणि मोटर जागेवर थरथरत किंचाळते. जितके वेढे जास्त, तितकं कळशीचं तोंड बारीक. वीज आत शिरायला अडते. वर आणखी एक भानगड. फिरणारी मोटर स्वतः थोडी वीज तयार करते आणि ती येणाऱ्या विजेलाच उलटी ढकलते. खोटं वाटत असेल तर मोकळ्या स्टेपरच्या एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडा आणि दांडा हाताने फिरवा. मघाशी सहज फिरत होता तो आता कडक लागेल. ती तिचीच वीज तिला अडवते. जितकी जोरात फिरवाल तितकी जास्त.

म्हणजे पळायचं असेल तर दोनच वाटा. वेढे कमी करा, नाहीतर नळाला दाब वाढवा, म्हणजे व्होल्टेज. एवढंच आहे. बाकीचा सगळा मसाला.

मसालाही असतो, नाही म्हणत नाही. दरवेळी मोटरच दोषी नसते. बाणेरचा एक जण यायचा, त्याचं मशीन डिसेंबरात सकाळी अडायचं आणि दुपारी बरं चालायचं. त्याने तीन मोटरी बदलून मागितल्या, तिन्ही वेळा वाइंडिंगला नावं ठेवली. शेवटी मी म्हटलं, मशीनच आणा. आणलं. मोटर ज्याला फिरवते त्या लांब स्क्रूला हात लावला तर बोटाला पांढरं लागलं. त्याच्या आईने सांगितलं होतं म्हणून त्याने स्क्रूला खोबरेल लावलं होतं. थंडीत खोबरेल थिजतं हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हा गडी मोठ्या कंपनीत टीम सांभाळत होता. दुसऱ्याचं मशीन संध्याकाळीच पावलं चुकवायचं. मी विचारलं, संध्याकाळी काय होतं? म्हणाला, मुलगी त्याच कंप्यूटरवर गाणी लावते. कंप्यूटर गाण्यात गुंतला की मोटरचे झटके वेळेवर सुटत नव्हते. त्याला सांगितलं, मोटर नको बदलू, मुलीला रेडिओ घेऊन दे.

या सगळ्यांत एक गिऱ्हाईक माणसासारखं होतं. नारायण पेठेतले लिमये. बँकेतून निवृत्त, उंच, सडसडीत, जीभ सुरीसारखी. त्यांनी मशीन घेतलं आणि पंधरा दिवसांत शेडमध्ये हजर झाले. मशीन मुंगीच्या चालीने चालतं, त्यांना मोठी मोटर हवी होती.

बापट साहेब नव्हते. मी म्हटलं, "मोठी मोटर लावली तर अजून हळू चालेल."

"आपण इथे काय करता?"

"वाइंडिंग."

"मग मी वाइंडिंगचं विचारायला येईन तेव्हा सांगा."

मी परत टेबलावर बसले. ते उभेच राहिले. पाच मिनिटांनी म्हणाले, "हळू का चालेल, ते सांगायला किती घ्याल?"

मी नळाचं सांगितलं. त्यांनी पुरं ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत. मग विचारलं, मोटरवर तीन व्होल्ट लिहिलंय, मी बारा देतोय, त्याहून वाढवलं तर जळणार नाही का? हा प्रश्न शंभरातले नव्वद विचारतात. मोटरवरचा आकडा थांबलेल्या मोटरचा असतो. ड्रायव्हर चांगला असेल तर वीज हवी तेवढी झाली की तो नळ आवरतो, म्हणून दाब कितीही असला तरी हंडा ओसंडत नाही. त्यांचा ड्रायव्हर तसला होता, छत्तीस व्होल्टपर्यंत चालणारा. आणि मोटरला आठ तारा होत्या. प्रत्येक वाइंडिंग दोन अर्ध्या भागांचं. त्यांनी दोन्ही भाग एकामागे एक जोडले होते, म्हणजे सगळे वेढे एका रांगेत. मी म्हटलं, शेजारी शेजारी जोडा, ड्रायव्हरचा करंट वाढवा, ट्रान्सफॉर्मर छत्तीसचा आणा.

आठ दिवसांनी ते एक लाकडी पाटी घेऊन आले. त्यांच्याच दाराची. वरती ठसठशीत कोरलं होतं: 'बेल एकदाच वाजवा. आम्ही बहिरे नाही.' मला म्हणाले, "चौपट वेग. आपलं म्हणणं बरोबर निघालं, याचा मला त्रास झाला." पुण्यात याहून मोठं कौतुक होत नाही. मी पाटी उलटीसुलटी करून पाहिली, कडा स्वच्छ होत्या.

आता खरं प्रकरण.

बापट साहेबांच्या बहिणीचा मुलगा, निखिल, कंप्यूटर कंपनी सोडून शेडमध्ये आला. चांगलं शिकलेला, इस्त्रीचे कपडे, सगळ्या बायकांना मावशी म्हणायचा. मावशी म्हणणाऱ्यापासून मी जपून राहते. मावशी म्हटलं की बाईने काय सांगितलं ते ऐकायची गरज उरत नाही.

तो आल्या आल्या बाजारातल्या मोटरींची माहितीपत्रकं काढून बसला. त्यात एक आकडा असतो, थांबलेली मोटर किती जोराने धरून ठेवते त्याचा. गिऱ्हाईक तोच आकडा बघतं. आमचा आकडा बाहेरच्या मोटरपेक्षा कमी होता. निखिलने कागदावर लिहून दिलं: दातावर साठऐवजी नव्वद वेढे, तार आधीपेक्षा चांगलीच बारीक. करंट तेवढाच. आकडा वाढेल.

मी त्याला म्हटलं, "आकडा वाढेल, पण मोटर पळणार नाही. आणि तापेल."

"मावशी, टॉर्क वाढला की मशीन स्ट्राँग होणार ना? लॉजिकल आहे."

"थांबलेलं असताना स्ट्राँग. लोक काय मशीन थांबवून ठेवायला घेतात?"

तो हसला. रागावला नाही, हसला. म्हणाला, "तुमचं शिक्षण किती झालंय?"

चौथी, असं मी सांगितलं. त्याने कागद माझ्याकडे सरकवला. बोलायची गरजच नव्हती. आणि मी काय केलं? टेबलावर गेले आणि नव्वद वेढे घातले. चोवीस मोटरी. एकेक दात, एकेक वेढा, चुकीचं आहे हे माहीत असून सरळ सुंदर घातला. मनात म्हणत होते, घे तुला हवं ते, पड तोंडावर. हसीना म्हणाली, "बाई, साब को बोलो ना, बापट साब को." मी म्हटलं, एकदा बोलले, दोनदा बोलायला मी काही त्याची खरी मावशी नाही. इथे माझी चूक आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही. मोटरी गिऱ्हाइकांकडे जाणार होत्या, निखिलकडे नाही. मी माझ्या रागाची किंमत परक्या लोकांना मोजायला लावली.

त्या लॉटची आठ मशीनं गेली. तीन आठवड्यांत एकेक करून परत यायला लागली. हळू चालवलं तर ठीक, जरा वेग वाढवला की किंचाळून जागेवर थांबतात, पावलं चुकतात, काम वाया जातं. मोटरला हात लावला तर चटका बसतो. एका माणसाने बहिणीच्या लग्नाला द्यायचे लाकडी करंडे करायला घेतले होते, सगळे वाकडे झाले. तो शेडच्या दारात येऊन शांतपणे रडला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

निखिलचं निदान तयार होतं. वेढे एकसारखे नाहीत, बायकांचा हात बसलेला नाही. खात्री करायला त्याने एका रविवारी, शेड बंद असताना, परत आलेल्या मोटरींतल्या दहा उघडल्या. रोटर काढून बाजूला ठेवले, वेढे तपासले, फोटो काढले, परत बंद केल्या. सोमवारी त्या मशीनवर लावून पाहिल्या तर आधीपेक्षा वाईट. आता त्या हळूही नीट चालेनात. त्याला वाटलं, बघा, सिद्ध झालं. रिजेक्शनचं एक रजिस्टर असायचं, दारामागे खिळ्याला टांगलेलं. त्यात त्या लॉटपुढे त्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'वाइंडिंग दोष'. निळ्या शाईत, झोकदार अक्षरात.

बापट साहेबांनी आम्हा चौघींना बोलावलं. म्हणाले, पुढच्या महिन्यापासून मोटरी बाहेरून तयार घ्यायच्या, वाइंडिंगचं टेबल बंद. दोघी घाबरल्या. हसीनाच्या घरी ती एकटी कमावणारी होती, ती माझ्याकडे बघायला लागली. टेबल बंद होणार हे मला एकदा भोसरीला कळलेलं होतं, ते दुखणं जुनं होतं. पण 'दोष' हा शब्द नवीन होता. तो डाग घेऊन आम्हाला पुण्यात दुसरीकडे कोण उभं करणार?

मी म्हटलं, "साहेब, दहा मिनिटं द्या. तीन मोटरी घेऊन येते."

"अहो इंदूबाई, निर्णय झालाय."

"निर्णय राहू दे. मोटरी बघा."

तेवढ्यात लिमये आले, कटरचं काहीतरी न्यायला. बाकावर बसले आणि हलले नाहीत. म्हणाले, "मला घाई नाही. नाटकाचं तिकीट काढलेलं नाही, तरी बघतो."

मी टेबलावर तीन मोटरी ठेवल्या. एक जुन्या लॉटची, साठ वेढ्यांची. दुसरी नव्वदची, परत आलेली पण उघडलेली नाही, नेलपॉलिशचा ठिपका शाबूत. तिसरी नव्वदचीच, ठिपका तडकलेला. तिन्हींच्या तारा पिळून जोडल्या. बापट साहेबांना म्हटलं, डोळ्यांनी नको, हाताने बघा. दांडा फिरवा.

त्यांनी पहिली फिरवली. कडक. दुसरी फिरवली. तीही तेवढीच कडक, म्हणजे चुंबक शाबूत. तिसरी फिरवली आणि ते थांबले. परत फिरवली. ती लोण्यातल्या रवीसारखी सहज फिरली. तारा सोडवून परत फिरवून पाहिली. मोकळ्या स्टेपरचा दांडासुद्धा दर पावलाला बोटाला टकटक लागतो, तो चुंबकाचा असतो. तिसरीत ती टकटकही जेमतेम होती.

साहेबांनी मोटर उलटी केली आणि स्क्रूवरचा फुटलेला ठिपका बघितला.  मग निखिलला हाक मारली.

"रोटर बाहेर काढलास?"

"इन्स्पेक्शनसाठी. दहाच मोटरींचे."

"किती वेळ बाहेर होते?"

"दिवसभर. ट्रेमध्ये व्यवस्थित ठेवले होते."

साहेबांनी चष्मा काढला. ते इंजिनियर, त्यांना ते कळलं. निखिलला ते शिकवलं गेलं नसेल, पुस्तकात असेल तर त्या दिवशी तो वर्गात नसेल. ते ठीक आहे, न येणं हा गुन्हा नाही. पण ज्यांना येत होतं त्या चार बायका त्याच्यापासून पाच पावलांवर बसत होत्या आणि त्याने विचारलं नाही. मला अजून राग येतो तो याचा.

"आणि ही दुसरी?" साहेबांनी विचारलं. "ही तर उघडलेली नाही. ही का पळत नाही?"

मी निखिलच्या हाताचा कागद पुढे ठेवला. साठऐवजी नव्वद. मी तो जपून ठेवला होता. बाकावरून लिमये म्हणाले, "वेढे दीडपट केले की अडवणूक सव्वादोनपट होते, बापट. मला हे या बाईंनी नळाखाली उभं करून शिकवलंय." मग निखिलकडे वळून, "आपली फी किती होती कॉलेजची?"

कुणी हसलं नाही. साहेब माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला झोंबेल तेच विचारलं. "तुम्हाला माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंत?"

 निखिलला सांगितलं होतं, हे खरं. त्याने ऐकलं नाही, हेही खरं. पण साहेबांचं टेबल वीस पावलांवर होतं आणि मी गेले नाही.

टेबल वाचलं. मोटरी मोकळ्या करून परत साठ वेढे घातले, नवी तार, भोसरीला पाठवून चुंबक परत भरून आणला. मशीनला मोठा ट्रान्सफॉर्मर दिला. गिऱ्हाइकांची मशीनं बदलून दिली. करंडेवाल्याला साहेबांनी करंडे शेडमध्येच कोरून दिले, लग्नाच्या आदल्या दिवशी. त्या वर्षीच्या पत्रकावर छापलं, 'नवीन हायस्पीड डिझाइन', खाली निखिलचा फोटो. हसीनाने पत्रकावरच्या फोटोला नेलपॉलिश लावलं, कुठे ते सांगत नाही.

माझी मागणी एकच होती. मी साहेबांना म्हटलं, माफी नको, पगारवाढ नको, रजिस्टरमध्ये लिहिलेलं बदला. 'वाइंडिंग दोष' खोडा आणि खरं लिहा, चुकीचे वेढे लिहून दिले, रोटर उघडले. त्यांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी दारामागे जाऊन बघितलं. 'वाइंडिंग दोष' वर सरळ रेघ मारलेली होती. पुढे त्याच निळ्या शाईत, त्याच झोकदार अक्षरात एकच शब्द होता: 'इतर'.

मी रजिस्टर काढून साहेबांच्या टेबलावर नेलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "इंदूबाई, सोडा आता. बहिणीचा मुलगा आहे. त्याला पुढे नोकरी शोधायचीय, हे रजिस्टर ऑडिटला जातं. तुमचं टेबल राहिलंय ना?"

टेबल राहिलं होतं. हसीना बाहेर वेढे घालत होती, तिचं वेढे मोजायचं यंत्र टिकटिकत होतं. मी रजिस्टर परत खिळ्याला टांगलं. पुढे चार वर्षांनी टेबल बंद झालंच, बाहेरच्या मोटरी फारच स्वस्त झाल्या. पण ते स्वस्ताईने बंद झालं, दोषाने नाही. निखिल आता परदेशात आहे आणि मोठ्या मशीनच्या कंपनीत आहे असं ऐकते. त्याने रोटर बाहेर काढायचं सोडलं असावं.

माझ्या आधी आणि माझ्यानंतर किती रजिस्टरांत 'इतर' लिहिलं गेलं असेल, देव जाणे, मला देवाचं काही माहीत नाही. त्या रकान्यात एका शब्दापुरती जागा होती. इथे मला पानं मिळाली, म्हणून पुरं लिहिलं.